जड डीसी मोटर आणि अचूक थांबा : ड्रायव्हर निवडताना काय पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका यंत्राला दोन अक्ष आहेत. आडव्या अक्षावर सुमारे २०० किलो वजनाची ट्रॉली रुळांवरून जास्तीत जास्त अर्धा मीटर प्रतिसेकंद वेगाने धावते आणि ठरलेल्या जागी एक मिलिमीटरच्या आत तिने थांबावे अशी अपेक्षा आहे. उभ्या अक्षावर ६० किलोचा भार वर-खाली होतो. दोन्हीकडे २४ व्होल्टच्या, ३५० वॅटच्या, कार्बन ब्रश असलेल्या परमनंट मॅग्नेट मोटर असून त्यांना १:३० चे गिअरबॉक्स जोडलेले आहेत. नेमप्लेटवर १९ अँपिअर लिहिलेले असल्यामुळे प्रश्नकर्त्यांनी ‘४३ अँपिअर’ असे छापलेली दोन तयार एच-ब्रिज मॉड्यूल (मोटरला दोन्ही दिशांना वीज देणारी चार इलेक्ट्रॉनिक स्विचची जोडणी, म्हणजे मोटरचा ड्रायव्हर), एक आर्डुइनो उनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि २० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे डीसी पुरवठा, घेतला. त्यानंतर एक मॉड्यूल दिशा बदलताना जळाले, ट्रॉली थांबवण्याच्या क्षणी एसएमपीएस अधूनमधून बंद पडतो आणि मोजलेली जागा दर फेरीला थोडी थोडी सरकते. आता याहून अधिक अँपिअरचे मॉड्यूल घ्यावे का, असे त्यांनी विचारले आहे.

नुसते मोठे मॉड्यूल घेऊन या तीनपैकी एकही तक्रार नीट मिटणार नाही, असे माझे मत आहे. पंखा किंवा पंप चालवणाऱ्या मोटरचे काम फिरत राहण्याचे असते, म्हणून तिथे नेमप्लेटवरचा करंट पाहून ड्रायव्हर घेतला तरी निभावते. पोझिशनिंगच्या यंत्रातली मोटर मात्र दिवसभर सुटते, थांबते, उलटते आणि थांबल्यावर जागेवर टिकून राहते. ड्रायव्हरची कसोटी थांबण्याच्या त्या अर्ध्या सेकंदात लागते. माझ्या पाहण्यातले जळालेले बहुतेक ब्रिज त्याच अर्ध्या सेकंदात जळालेले आहेत. म्हणून निवडीचा हिशेबही तिथूनच सुरू करू.

डीसी मोटर फिरत असताना स्वतःच विरुद्ध व्होल्टेज तयार करते, ज्याला बॅक ईएमएफ म्हणतात. पुरवठ्याचे व्होल्टेज आणि हे विरुद्ध व्होल्टेज यांतल्या फरकाला आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरत्या गुंडाळीच्या, रोधाने भागले की मोटरमधला करंट मिळतो. त्यामुळे आपल्याला सर्वांत आधी हवा असलेला आकडा म्हणजे आर्मेचरचा रोध, आणि तो नेमप्लेटवर नसतो. साध्या मल्टिमीटरने तो मोजू नये, कारण इतक्या लहान रोधापुढे मीटरच्या वायरींचाच रोध मोठा ठरतो. करंट मर्यादा ठेवता येणारा बेंच सप्लाय घ्यावा, शाफ्ट घट्ट अडकवावा, मोटरमधून ५ अँपिअर सोडावेत आणि थेट मोटरच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. ०.६५ व्होल्ट आले तर रोध ०.१३ ओहम. ब्रश कम्यूटेटरच्या, म्हणजे गुंडाळीला वीज पोहोचवणाऱ्या फिरत्या कड्याच्या, कोणत्या पट्ट्यांवर टेकले आहेत त्यानुसार हा आकडा थोडा बदलतो, म्हणून शाफ्ट जरा जरा फिरवून आठ-दहा ठिकाणी मोजावे आणि सर्वांत कमी आकडा धरावा.

या आकाराच्या २४ व्होल्ट मोटरसाठी ०.१३ ओहम हा वास्तवाला धरून असलेला आकडा आहे, म्हणून पुढचा सगळा हिशेब त्यावर करतो. मोटर जाम झाली तर बॅक ईएमएफ शून्य होतो आणि करंट २४ भागिले ०.१३, म्हणजे सुमारे १८५ अँपिअर होतो. पूर्ण वेगात असताना, म्हणजे बॅक ईएमएफ साधारण २१.६ व्होल्ट असताना, ब्रिजची दिशा एकदम उलटवली तर ही दोन्ही व्होल्टेज एकाच बाजूला जातात आणि करंट सुमारे ३५० अँपिअरकडे धाव घेतो. नेमप्लेटवर १९ आणि दिशा बदलताना ३५०. पहिले मॉड्यूल का जळाले, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. मोटरही यातून सुखरूप सुटते असे नाही : एवढ्या करंटने फेराइट चुंबकांची शक्ती कायमची कमी होऊ शकते. एखादी मोटर विनाभार आधीपेक्षा जास्त वेगाने फिरू लागली आणि तरीही लोडवर दमू लागली, तर तिचे चुंबक उतरले आहेत असा संशय घ्यावा.

याचा अर्थ ३५० अँपिअरचा ब्रिज शोधावा असा नाही. तो करंट वाहूच नये अशी व्यवस्था ड्रायव्हरच्या आत असली पाहिजे, आणि ती व्यवस्था म्हणजे करंट लूप. मोटरचा टॉर्क करंटच्या प्रमाणात असतो. जो ड्रायव्हर करंट मोजतो, हव्या त्या पातळीवर धरून ठेवतो आणि दर पीडब्ल्यूएम (वीज झपाट्याने चालू-बंद करून सरासरी व्होल्टेज ठरवण्याची पद्धत) आवर्तनात मर्यादा पाळतो, तोच पोझिशनिंगच्या कामाचा. ड्यूटी सायकल, म्हणजे आवर्तनात किती टक्के वेळ वीज चालू ठेवायची ते, सांगितली की तेवढे व्होल्टेज मोटरवर टाकून मोकळा होणारा ब्रिज कितीही मोठा असला, तरी तो या कामात अर्धाच ड्रायव्हर आहे. निवड करताना माहितीपत्रकात मी पहिल्यांदा शोधतो ते हे : सलग किती अँपिअर, कमाल किती अँपिअर आणि किती सेकंद, करंटची मर्यादा वापरणाऱ्याला ठरवता येते का, आणि हे आकडे कोणत्या हीटसिंकवर दिले आहेत.

‘४३ अँपिअर’ची गोष्टही इथेच सांगून टाकतो. या मॉड्यूलवर सहसा बीटीएस७९६० ही चिप असते आणि ४३ अँपिअर ही तिच्या आतल्या संरक्षक करंट मर्यादेची नमुनेदार पातळी आहे. सलग वाहून नेण्याची क्षमता नव्हे. मॉड्यूलला चिकटवलेल्या छोट्या हीटसिंकवर मी तिच्याकडून १० ते १५ अँपिअरपेक्षा जास्त सलग काम घेत नाही. शिवाय तिची सामान्य कार्यमर्यादा सुमारे २७.५ व्होल्टपर्यंतच आहे, आणि २४ व्होल्टच्या यंत्रात ट्रॉली थांबताना ही पातळी सहज ओलांडली जाते, ते पुढे दिसेलच. एल२९८ चा तर या चर्चेत संबंधच नाही. प्रत्येक बाजूला २ अँपिअरची, जुन्या धाटणीच्या बायपोलर ट्रान्झिस्टरांची ती चिप आहे आणि पूर्ण लोडवर ती स्वतःच काही व्होल्ट खाऊन टाकते.

पीडब्ल्यूएमची वारंवारता हा विषय मोटरच्या आवाजापुरता समजला जातो, पण त्याचा करंटशी थेट संबंध आहे. या मोटरचे इंडक्टन्स ०.१५ मिलिहेन्री धरले तर रोध आणि इंडक्टन्स मिळून होणारा कालस्थिरांक (करंट बदलायला लागणाऱ्या वेळेचे माप) जेमतेम १.१५ मिलिसेकंद येतो. आर्डुइनो उनोच्या बहुतेक पिनांवर मूळ वारंवारता ४९० हर्ट्झ असते, म्हणजे एक आवर्तन दोन मिलिसेकंदांचे. एवढ्या वेळात करंट बराच वर चढून पुन्हा खाली येतो : ५० टक्के ड्यूटीला हा चढउतार शिखरापासून तळापर्यंत ७५ अँपिअरच्या घरात जातो. सरासरी करंट दाखवणारा मीटर शांतपणे १५ दाखवत असतो आणि आत ब्रिज, ब्रश व कपॅसिटर तिघेही भाजत असतात. तीच वारंवारता २० किलोहर्ट्झ केली की चढउतार सुमारे २ अँपिअरवर येतो आणि कानाला बोचणारी शिट्टीही जाते. म्हणून १६ ते २५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात चालणारा ड्रायव्हर घ्यावा. याहून वर गेल्यास मॉसफेटमधली, म्हणजे ब्रिजच्या इलेक्ट्रॉनिक स्विचमधली, स्विचिंगची उष्णता वाढते आणि मोठ्या मोटरला त्यातून फारसे काही मिळत नाही.

ब्रिज चारही क्वाड्रंटमध्ये काम करणारा असला पाहिजे, म्हणजे दोन्ही दिशांना मोटर ढकलू शकणारा आणि दोन्ही दिशांना नियंत्रितपणे ब्रेक लावू शकणारा. एकाच क्वाड्रंटचे स्वस्त नियंत्रक दिशा बदलण्यासाठी रिले वापरतात. ते पोझिशनिंगसाठी घेऊ नयेत. ब्रिज हलवण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत दिशा आणि प्रमाण वेगळे असते, दुसरीत ब्रिजच्या दोन्ही बाजू सतत उलटसुलट होतात आणि ५० टक्के ड्यूटी म्हणजे शून्य. दुसरी पद्धत शून्याच्या आसपास फार सरळ वागते, त्यामुळे जागेवर धरून ठेवण्याच्या कामात ती मोहक वाटते, पण तिच्यात करंटचा चढउतार दुप्पट होतो. कमी इंडक्टन्सच्या जड मोटरला मी पहिलीच पद्धत वापरतो, फक्त फ्रीव्हीलिंगच्या, म्हणजे पुरवठा तुटलेला असताना करंट ब्रिजमध्येच फिरत राहण्याच्या, काळात डायोडऐवजी मॉसफेट चालू राहतील याची खात्री करतो.

आता एसएमपीएस का बंद पडतो ते पाहू, कारण तयार मॉड्यूल विकत घेणाऱ्यांकडून सर्वांत जास्त दुर्लक्ष इथेच होते. थांबणारी मोटर ही जनित्र असते आणि तिच्यातली ऊर्जा ब्रिजमधून उलट पुरवठ्याकडे येते. २०० किलोची ट्रॉली अर्धा मीटर प्रतिसेकंद वेगात असताना तिच्यात २५ जूल ऊर्जा असते. हे सगळ्यांच्या लक्षात येते, पण मोटरचा रोटर विसरला जातो. रोटरचे जडत्व ०.०००५ किलोग्रॅम-मीटर-वर्ग धरले आणि वेग २७०० फेरे प्रतिमिनिट, तर त्याची ऊर्जा २० जूल भरते. म्हणजे किलोभर वजनाचा तो रोटर जवळजवळ अख्ख्या ट्रॉलीच्या बरोबरीने उभा राहतो. एकूण ४५ जूल. त्यातली निम्मी गिअरबॉक्समध्ये आणि तांब्यात खर्च झाली असे मानू. उरलेल्या २२ जूलना जागा हवी.

एसएमपीएस करंट देतो, परत घेत नाही. ही ऊर्जा ब्रिजजवळच्या कपॅसिटरांत साठते आणि त्यांचे व्होल्टेज चढते. तिथे ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर हिशेबाने ते २४ वरून १०० व्होल्टच्या जवळ जाते. अर्थात तिथपर्यंत पोहोचण्याआधीच काहीतरी मोडते : नशीब चांगले असेल तर एसएमपीएसचे जादा व्होल्टेजपासूनचे संरक्षण त्याला बंद करते, नसेल तर ब्रिज फुटतो. आपल्याकडे दोन्ही अनुभवून झाले आहेत. केवळ कपॅसिटर वाढवून ३० व्होल्टच्या आत राहायचे म्हटले तर सुमारे १,३६,००० मायक्रोफॅरड लागतील, जे कोणी बसवत नाही.

यावर उपाय ब्रेक रेझिस्टरचा. बसचे, म्हणजे ब्रिजला पुरवठा देणाऱ्या डीसी वायरींचे, व्होल्टेज २९ वर गेले की एक मॉसफेट रेझिस्टर जोडतो आणि २७ वर आले की सोडतो. ट्रॉली अर्ध्या सेकंदात थांबत असेल तर परत येणारी शक्ती सरासरी ४५ वॅट आणि सुरुवातीला साधारण दुप्पट असते. ४ ओहमचा रेझिस्टर २९ व्होल्टला २१० वॅट ओढतो, तेव्हा तो पुरेसा आहे. आडव्या अक्षासाठी ५० वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर चालेल, कारण थांब्यांच्या मध्ये त्याला थंड व्हायला वेळ मिळतो. उभ्या अक्षाचे मात्र तसे नाही. ६० किलोचा भार ०.२ मीटर प्रतिसेकंद वेगाने खाली उतरत असताना जवळपास ११८ वॅट सतत परत येऊ पाहतात, उतरणे संपेपर्यंत. घर्षणात काही जाईल, पण उभ्या अक्षाच्या रेझिस्टरची वॅट क्षमता ही सलग उतरण्याच्या हिशेबाने ठरवावी, थांब्याच्या नव्हे. लेड-ॲसिड बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात बॅटरी ही ऊर्जा गिळते, त्यामुळे बॅटरीवर नीट चाललेला ड्रायव्हर एसएमपीएसवर आणला की जळतो आणि दोष ड्रायव्हरच्या माथी येतो.

बस २९ व्होल्टपर्यंत जाऊ द्यायची म्हटल्यावर ड्रायव्हरची व्होल्टेज क्षमताही ठरते. २४ व्होल्टच्या यंत्राला किमान ४० व्होल्ट सोसणारा आणि शक्य तर ६० व्होल्टच्या मॉसफेटांचा ड्रायव्हर घ्यावा. ४८ व्होल्टच्या यंत्राला ८० ते १०० व्होल्टचा. नवीन यंत्र उभारत असाल आणि मोटर अजून घेतलेल्या नसतील, तर ४८ व्होल्टच्या मोटर घ्या असे मी सुचवेन, कारण तेवढ्याच शक्तीला करंट निम्मा होतो आणि वायर, कनेक्टर, मॉसफेट सगळ्यांवरचा ताण उतरतो.

पुरवठ्याबद्दल थोडेच सांगतो. १९ अँपिअरच्या दोन मोटर आणि २० अँपिअरचा एक एसएमपीएस हे गणित फक्त एकेक अक्ष आळीपाळीने चालवला तरच जमते. दोन्ही एकत्र वेग घेणार असतील तर ४० अँपिअरचा सप्लाय हवा, किंवा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर असा साधा अनियंत्रित सप्लाय, जो क्षणिक ओढ आल्यावर थोडा वाकतो पण एसएमपीएससारखा हात झटकून बंद होत नाही. सर्व्होसाठी, म्हणजे मोजून जागा सांभाळणाऱ्या अशा यंत्रासाठी, मला हाच जास्त आवडतो. त्यात मुख्य कपॅसिटर चार्ज होताना येणारा पहिला झटका रेझिस्टरमधून मुरवण्याची सोय मात्र ठेवावी लागते.

जागा सरकण्याची तक्रार ड्रायव्हरची नाही, मोजणीची आहे. मोटरच्या शाफ्टवर १००० रेषांचा एन्कोडर (फिरणे मोजून पल्स देणारा सेन्सर) असेल तर दोन्ही चॅनेलच्या चारही कडा, म्हणजे सिग्नल चढण्या-उतरण्याचे क्षण, मोजून एका फेऱ्याला ४००० पल्स होतात. २७०० फेरे प्रतिमिनिट म्हणजे सेकंदाला ४५ फेरे, म्हणजे सेकंदाला १,८०,००० कडा. दोन कडांमध्ये साडेपाच मायक्रोसेकंद. १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या उनोला तेवढ्या वेळात सुमारे ८९ क्लॉक मिळतात, आणि इंटरप्टमध्ये, म्हणजे चालू काम मध्येच थांबवून ती कड मोजण्यात, शिरून बाहेर पडण्यातच त्यातले बरेच संपतात. दुसरा अक्ष त्याच वेळी फिरत असला तर कडा निसटणारच, आणि एकदा निसटलेली कड परत मिळत नाही. म्हणून मोजणी हार्डवेअरकडे सोपवावी : एसटीएम३२ मालिकेतल्या मायक्रोकंट्रोलरांच्या टायमरमध्ये एन्कोडर मोजण्याची सोय असते, किंवा एलएस७३६६आर सारखी स्वतंत्र काउंटर चिप वापरता येते. एन्कोडर डिफरन्शियल आउटपुटचा, म्हणजे प्रत्येक सिग्नल दोन विरुद्ध वायरींवर पाठवणारा, घ्यावा, कारण २० अँपिअर तोडणाऱ्या पीडब्ल्यूएमशेजारून तीन-चार मीटर धावणारी एकेरी सिग्नल वायर नसलेल्या कडाही मोजायला लावते.

एन्कोडर मोटरवर लावावा की लोडवर, हा इथे खरा प्रश्न आहे. गिअरबॉक्सच्या बाहेरच्या शाफ्टचा एक फेरा म्हणजे ट्रॉलीचे ३३३ मिलिमीटर धरले, तर मोटरवरचा एन्कोडर मिलिमीटरला ३६० पल्स देतो आणि आकडा पाहून माणूस खूश होतो. पण गिअरबॉक्समध्ये अर्ध्या अंशाचा बॅकलॅश (दात्यांमधला मोकळा खेळ) असेल तर ट्रॉली ०.४६ मिलिमीटर इकडेतिकडे हलली तरी मोटरला त्याचा पत्ता नसतो. एक मिलिमीटरच्या मर्यादेतले जवळपास निम्मे तिथेच गेले. तोच एन्कोडर बाहेरच्या शाफ्टवर लावला तर मिलिमीटरला १२ पल्स मिळतात, म्हणजे एक पल्स ०.०८ मिलिमीटरचा, जो या कामाला पुरेसा आहे. मात्र फक्त लोडवरच्या एन्कोडरवर लूप चालवला की बॅकलॅशमुळे यंत्र थांब्यावर डुगडुगत राहते. वेगाचा लूप मोटरवरच्या एन्कोडरवर आणि जागेचा लूप लोडवरच्या एन्कोडरवर ही रचना जड यंत्रात सर्वांत शहाणी ठरते. ती परवडत नसेल तर एन्कोडर मोटरवर ठेवावा आणि प्रत्येक थांब्याकडे नेहमी एकाच दिशेने यावे. ही जुनी युक्ती आडव्या अक्षावर अजूनही चांगली चालते.

नियंत्रणाची बांधणी आतून बाहेर अशी तीन थरांची असते : सर्वांत आत करंट, त्याबाहेर वेग, सर्वांत बाहेर जागा. करंट लूप १० ते २० किलोहर्ट्झला, वेगाचा आणि जागेचा लूप एक-दोन किलोहर्ट्झला चालला तर या आकाराच्या यंत्राला पुरतो. अंतिम जागेचा आकडा एकदम देऊन पीआयडीला (फरक पाहून दुरुस्ती करणाऱ्या नियंत्रण-सूत्राला) ‘पोहोच’ म्हणणे ही चूक टाळावी. आकडा हळूहळू सरकवावा, म्हणजे ठरलेल्या प्रवेगाने वेग वाढवून, स्थिर ठेवून, तेवढ्याच शिस्तीने कमी करावा. एक मीटर प्रतिसेकंद-वर्ग प्रवेग धरला तर या ट्रॉलीला आणि रोटरला मिळून घर्षणासह मोटरवर जेमतेम ०.८ न्यूटन-मीटर टॉर्क लागतो, म्हणजे १० ते ११ अँपिअर. तीच मोटर, तीच ट्रॉली. शिस्तीने चालवली तर ११ अँपिअर, झटक्याने उलटवली तर ३५०.

आता प्रत्यक्ष काय घ्यावे. आपल्या दोन अक्षांसाठी मी सलग २५ ते ३० अँपिअर आणि काही सेकंद ५० ते ६० अँपिअर देणारा ड्रायव्हर निवडेन. एन्कोडरचे इनपुट आणि पोझिशन लूप आतच असलेले दोन चॅनेलचे ब्रश मोटर नियंत्रक मिळतात. रोबोक्लॉ आणि रोबोटेक ही त्यातली परिचित नावे आहेत. आर्डुइनोकडे मग फक्त ‘या जागी जा’ एवढे सांगण्याचे काम उरते आणि ते त्याला झेपते. घेताना कमाल व्होल्टेज नीट पाहावे : रोबोक्लॉच्या ३० अँपिअरच्या दुहेरी नियंत्रकाची मर्यादा ३४ व्होल्ट आहे, म्हणजे वर सांगितलेल्या ४० पेक्षा कमी, म्हणून तो घ्यायचाच तर ब्रेक रेझिस्टर त्यालाही चुकत नाही. यंत्र आधीच स्टेप आणि दिशा असे सिग्नल देणाऱ्या सीएनसी नियंत्रकावर चालत असेल तर गेको जी३२०एक्स हा ब्रश मोटरचा सर्व्हो ड्राइव्ह ८० व्होल्ट आणि २० अँपिअरपर्यंत चालतो. त्यात एन्कोडर थेट जोडला जातो, पण १९ अँपिअरच्या मोटरसाठी त्यात फार मोकळीक उरत नाही. तिसरा मार्ग औद्योगिक सर्व्हो ॲम्प्लिफायरचा, जो उणे १० ते अधिक १० व्होल्टच्या सिग्नलवर थेट करंट, म्हणजे टॉर्क देतो. वेगाचा आणि जागेचा लूप स्वतःच्या नियंत्रकात लिहिण्याची तयारी असेल तर माझी पसंती याच प्रकाराला आहे, कारण सर्वांत अवघड आणि सर्वांत आतला लूप कोणीतरी आधीच नीट बांधून दिलेला असतो.

मोटर याहून बऱ्याच मोठ्या, म्हणजे १८० व्होल्टच्या आणि त्यावरच्या असतील, तर थायरिस्टर ड्राइव्ह (एसी पुरवठ्याच्या प्रत्येक अर्ध्या लहरीत एकदाच चालू करता येणाऱ्या स्विचचे) समोर येतात. वेग नियंत्रणासाठी ते दणकट आहेत. पण ५० हर्ट्झच्या सिंगल फेज पुरवठ्यावर त्यांना दर १० मिलिसेकंदांनी एकदाच निर्णय घेता येतो, त्यामुळे चपळ पोझिशनिंगची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये. कायमच्या चुंबकाऐवजी वेगळी फील्ड वायंडिंग (चुंबकत्व देणारी गुंडाळी) असलेल्या मोटरला फील्ड गेल्यावर ड्राइव्ह बंद करणारे संरक्षण असलेच पाहिजे, नाहीतर मोटर बेफाम वेग घेते.

स्वतः ब्रिज बांधण्याचा मोह अनेकांना होतो आणि शिकण्यासाठी तो चांगलाच आहे. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मॉसफेटच्या माहितीपत्रकातला मोठा अँपिअर आकडा २५ अंश तापमानाच्या आवरणावर मोजलेला असतो. आयआरएफ३२०५ वर ११० अँपिअर लिहिलेले असले तरी तिच्या पायांची आणि पॅकेजची मर्यादा ७५ आहे, आणि तापल्यावर तिचा ८ मिलिओहमचा रोध दीडपटीहून अधिक होतो. हिशेब त्या तापलेल्या रोधावर करावा. दुसरी गोष्ट, आयआर२१०४ किंवा आयआर२११० सारख्या, मॉसफेट चालू-बंद करणाऱ्या गेट ड्रायव्हरांत वरच्या मॉसफेटचे गेट बूटस्ट्रॅप कपॅसिटरवर चालते आणि तो भरायला खालचा मॉसफेट अधूनमधून चालू व्हावा लागतो. माझ्या पहिल्या ब्रिजने टेबलावर दोन दिवस उत्तम काम केले आणि पूर्ण वेगाच्या पहिल्याच लांब फेरीत तो गेला, कारण मी ड्यूटी १०० टक्क्यांपर्यंत जाऊ दिली होती. तेव्हापासून ती ९५ च्या वर जात नाही.

वायरिंगमध्ये मोठे कपॅसिटर ब्रिजला खेटून ठेवावेत, मोटरच्या दोन वायरी एकमेकींत पिळून न्याव्यात आणि एन्कोडरची केबल वेगळ्या वाटेने न्यावी. बाकी नेहमीचे.

सुरक्षेवर मात्र जरा थांबतो. इमर्जन्सी स्टॉप आर्डुइनोच्या पिनला जोडून भागत नाही. त्याने कॉन्टॅक्टरची (मोठा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विजेच्या स्विचची) कॉइल थेट तोडली पाहिजे आणि तो कॉन्टॅक्टर डीसी तोडण्यासाठी प्रमाणित असला पाहिजे, कारण डीसीचा आर्क एसीसारखा आपोआप विझत नाही. कॉन्टॅक्टर ड्रायव्हर आणि पुरवठ्याच्या मध्ये असेल तर ब्रेक रेझिस्टर ड्रायव्हरच्या बाजूला राहील असे पाहावे, नाहीतर नेमक्या आणीबाणीत परतीच्या ऊर्जेची वाट बंद होते. उभ्या अक्षाला वीज गेल्यावर आपोआप लागणारा स्प्रिंगचा इलेक्ट्रोमॅग्नेटिक ब्रेक हवाच. वर्म गिअर स्वतःच अडून राहतो यावर भार टांगू नये, कंपनांत तो हळूहळू उतरतो. हा ब्रेक रोजच्या वापरातही कामाचा आहे : एका जागी मिनिटभर करंट देऊन मोटर धरून ठेवली तर सगळी उष्णता कम्यूटेटरच्या त्याच दोन-चार पट्ट्यांत उतरते, म्हणून जागेवर पोहोचल्यावर ब्रेक लावून करंट कमी करावा.

एन्कोडर गप्प झाला तर काय, हेही आधीच ठरवावे. एका यंत्रात एन्कोडरच्या कपलिंगचा ग्रब स्क्रू ढिला झाला. मोटर फिरत होती, एन्कोडर नव्हता, त्यामुळे नियंत्रकाच्या मते अक्ष जागचा हललाच नव्हता आणि तो आणखी जोर लावत राहिला. ट्रॉली थेट शेवटच्या बफरवर जाऊन आदळली. चूक माझीच होती. अपेक्षित आणि मोजलेल्या जागेतला फरक मर्यादेबाहेर गेला की ड्रायव्हर बंद करण्याची सोय नियंत्रकात होती आणि सुरुवातीच्या जुळवणीत कटकट नको म्हणून मीच ती बंद करून ठेवली होती. ती सोय पहिल्या दिवसापासून चालू असावी. दोन्ही टोकांना नॉर्मली क्लोज्ड, म्हणजे एरवी जोडलेले राहणारे, लिमिट स्विच लावावेत, म्हणजे वायर तुटली तरी यंत्र थांबते, आणि ते फक्त पुढची दिशा अडवतील, मागे फिरू देतील अशी जोडणी करावी.

नवा ड्रायव्हर आल्यावर पहिल्यांदा ट्रॉली मोटरपासून सोडवून ठेवावी. करंट मर्यादा ३ अँपिअरवर आणून शाफ्ट हाताने फिरवावा आणि एन्कोडरचा आकडा मोटरच्या पुढच्या दिशेलाच वाढतो ना, हे पाहावे. ही दिशा उलटी असताना लूप चालू केला की मोटर सुसाट सुटते. मग लूप चालू करून, शाफ्ट मोकळा असतानाच एन्कोडरची केबल मुद्दाम काढावी. मोटर लगेच बंद पडली तर ट्रॉली जोडावी, करंट मर्यादा पाच-पाच अँपिअरने वाढवावी आणि प्रत्येक पायरीला भरधाव ट्रॉली थांबवताना बसचे व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर पाहावे. रेषा २९ व्होल्टला दातेरी होऊन खाली येत असेल तर ब्रेक रेझिस्टर काम करतो आहे. ३० ओलांडून चढतच राहिली तर तिथेच थांबून रेझिस्टरचा ओहम कमी करावा आणि मगच पुढची पायरी घ्यावी.